आज काय हललं?

"अगं ऊर्वी, मी गच्चीवर कसा आलो?"

आबांनी हे विचारलं तेव्हा ते गच्चीवर नव्हतेच. ते ऊर्वीच्या खोलीत मधोमध उभे होते. चारी बाजूंना भिंती होत्या, डोक्यावर छत होतं, गच्ची तिथून चांगली दोन मजले वर. तरीही त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती उमटली, की ऊर्वीच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच विरलं. समोर कठडा नसावा तसे आबांनी हात पुढे पसरले, घाईघाईनं दोन पावलं मागं घेतली, आणि ढगाच्या आकाराच्या नव्याकोऱ्या बैठकीला अडखळून ते खाली पडले. उजवा हात अंगाखाली सापडला.

दोन तासांनी ते दवाखान्यातून परत आले ते मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घालूनच. हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, धडधाकट माणसाला चार भिंतींत गच्ची कशी काय वाटेल? तर त्याचं कारण सांगायला आधी आबा सांगावे लागतील.

आबा म्हणजे ऊर्वीच्या आईचे वडील, श्रीरंग भोईटे. साताऱ्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाज कसा जन्मतो, कसा पसरतो आणि कसा विरतो याचा अभ्यास करणारे) होते. तीस वर्षं त्यांनी नाट्यगृहांचा आवाज बसवून दिला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचा उसासा ऐकू गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पुढं एका आजारात त्यांची दृष्टी गेली. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि ऊर्वी अजून जन्मायचीच होती. तिनं आबांना पाहिलं ते असेच, आणि गंमत म्हणजे आबांना दिसत नाही हे तिला चार वर्षांची होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. कारण आबा घरभर बिनधास्त फिरायचे. जीभ टाळूला लावून 'टॉक' असा आवाज काढायचे, क्षणभर मान कलती करायचे, आणि खुर्चीला वळसा घालून पुढं जायचे.

दोन हजार एकसष्ट साल होतं. न दिसणाऱ्या माणसांसाठी तऱ्हेतऱ्हेची यंत्रं निघाली होती. आबांकडंही एक चष्मा होता. तो समोरचं सगळं पाहून कानात सांगायचा, "तीन पावलांवर पायरी. डावीकडे सायकल." आबा त्याला बडबड्या म्हणत. रस्त्यावर घालत, पण घराचा उंबरा ओलांडला की काढून खिशात टाकत. "माझ्याच घराची ओळख मला दुसऱ्या कुणी करून द्यायची? छे!" असं म्हणत.

रोज संध्याकाळी दिवे लागले की आबा ऊर्वीच्या खोलीत येत आणि एक खेळ सुरू होई. दुपारीच ऊर्वीनं खोलीतली एखादी वस्तू हलवून ठेवलेली असे. कधी खुर्ची, कधी दप्तर, कधी नुसतीच उशी. दारात उभी राहून ती विचारी, "आबा, आज काय हललं?" आबा चार ठिकाणी 'टॉक' करत आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगत. नियम एकच होता, एका दिवसाला एकच वस्तू.

"कसं ओळखता हो?" ती विचारायची.

"गुपित आहे," आबा मिशीत हसत म्हणायचे. गुपित ते कधीच फोडत नसत. नातीला आपण जादूगार वाटतो, याचं त्यांना मनातून फार कौतुक होतं.

एप्रिलमध्ये ऊर्वीला बारावं लागणार होतं. आईनं वाढदिवसाला खोली नव्यानं सजवून द्यायचं कबूल केलं. ऊर्वीनं ठरवलं, आपली खोली ढगांची. जाड लोकरी गालिचा, भिंतींवर पांढऱ्या मऊ नमद्याचे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे) पट्टे, छताला कापसासारखे ढग, दुहेरी पडदे, आणि पलंग भिंतीशी नव्हे, मधोमध. गालिचा तर तिनं खास आबांसाठी निवडला होता. फरशी गार लागते म्हणून ते कुरकुरायचे ना! हे खरंच होतं, पुढं तिनं स्वतःचीच समजूत घालायला ते रचलं नव्हतं.

अडसर होता तो कपाटाचा. दाराच्या समोरच एक जुनं लोखंडी कपाट होतं, आबांच्या लग्नातलं. हिरवट रंगाचं, एका दाराला मोठा पोचा, उघडताना कुरकुरणारं. ढगांत लोखंडी कपाट कसं शोभणार? आई म्हणाली, "आबांना विचार एकदा." ऊर्वी म्हणाली, "विचारलं तर सरप्राइज कसलं?" आबा आठ दिवस कऱ्हाडला बहिणीकडं गेले होते. तेवढ्यात सजावट करणारी यंत्रं आली, एका दिवसात काम उरकलं, आणि जाताना कपाट भंगारात घेऊन गेली.

ऊर्वीनं मनात मांडे खाल्ले होते. आबा येतील, मी नेहमीसारखं विचारीन, आज काय हललं? आणि आज तर सगळंच हललेलं! खेळातला सर्वांत मोठा डाव. आबा चकित होतील, मग आपण त्यांना एकेक ढग हातात देऊ.

डाव कसा झाला ते तुम्ही वाचलंच आहे.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं ऊर्वीला वाटत राहिलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "डाव तू जिंकलीस बरं का." दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला आले तेव्हा डोळ्यांवर बडबड्या होता. घरात! "दोन पावलांवर टेबल," चष्मा कुजबुजला. आबा हळूच दोन पावलं चालले आणि बसले. त्यांनी एकदाही 'टॉक' केलं नाही.

संध्याकाळी दिवे लागले. ऊर्वी दारात वाट पाहत बसली. आबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. खोली इतकी सुंदर दिसत होती, की मैत्रिणी येऊन फोटो काढून गेल्या. ऊर्वीला मात्र त्या ढगांकडं बघवेना.

घरात बबन नावाचा घरकाम्या यंत्रमानव होता. कमरेएवढा उंच, चाकांवर पळणारा, आणि विचारलं त्यापेक्षा जास्त उत्तर देण्याची खोड असलेला. चौथ्या दिवशी ऊर्वीनं त्यालाच गाठलं.

"बबन, आबांना खोली गच्ची का वाटली?"

"ऊर्वीताई, मला मन कळत नाही. पण मला आवाज मोजता येतो. टाळी वाजवा."

ऊर्वीनं आपल्या खोलीत टाळी वाजवली. टाळी झाली आणि संपली.

"आता न्हाणीघरात."

न्हाणीघरात टाळी खणखणली आणि थोडी रेंगाळली.

"आता गच्चीवर."

गच्चीवर टाळी वाजली आणि उघड्या आभाळात निघून गेली. ऊर्वी थबकली. ही टाळी तिनं नुकतीच ऐकली होती. आपल्याच खोलीत! पळत खाली येऊन तिनं डोळे गच्च मिटले आणि पुन्हा टाळी दिली. अगदी तीच. डोळे मिटले की ढगांची खोली नाहीशी होत होती आणि उरत होती ती फक्त मोकळी, बिनभिंतींची पोकळी. आबांना आपण कुठं नेऊन उभं केलं होतं, ते तिला तेव्हा कळलं.

तशीच ती आबांच्या खोलीत गेली. आबा खिडकीशी बसले होते. तिला वाटलं होतं नीट माफी मागू, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"आबा, भिंती आवाज खातात का हो?"

आबांची मान कलती झाली. कितीही मन खट्टू असो, आवाजाचा प्रश्न आला की त्यांना राहवत नसे. त्यांनी चष्मा काढला.

"बस इथं," ते म्हणाले. "आवाज म्हणजे काय?"

"हवेचा थरथराट."

"बरोबर. मी टॉक केलं की हवा थरथरते आणि तो थरथराट एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर पळतो. भिंत दोन मीटरवर असेल तर जाऊन येऊन किती?"

"चार मीटर."

"म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केलेस, तर त्यातल्या बाराव्या तुकड्याला तो माझ्या कानाशी परत. भिंत एकाच मीटरवर असेल तर सहाव्या तुकड्याला. याला परावर्तन (आदळून परत फिरणं) म्हणायचं. चेंडू भिंतीवर टाकला की येतो ना, तसंच."

"पण एवढ्याशा वेळात दोन आवाज वेगळे कसे ऐकू येतील?"

"येतच नाहीत! दोन्ही एकात एक मिसळतात. पण मिसळल्यानं आवाजाची चव बदलते. जवळच्या भिंतीची चव वेगळी, लांबच्या भिंतीची वेगळी. काच लख्ख बोलते, लाकूड जरा घोगरं. आणि सगळ्या भिंतींवर आपटून आपटून आवाज शेवटी थोडा वेळ घुटमळतो, त्याला अनुरणन (मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत रेंगाळणारा त्याचा नाद) म्हणतात. या सगळ्यांतून मला खोली कळते. सोळा-सतरा वर्षं सराव करतोय, सुरुवातीला गुडघे फोडून घेतले, तेव्हा कुठं जमलं."

"आणि नमदा?"

आबांनी चष्मा मांडीवर ठेवला.

"नमद्यात, लोकरीत, कापसात बारीक बारीक पोकळ्या असतात. थरथरणारी हवा त्यात शिरते, धाग्यांना घासते, दमते, आणि तिच्यातल्या हालचालीची ऊब होते. इतकी थोडी ऊब की हाताला कळणारही नाही. परत मात्र काही येत नाही. याला शोषण म्हणतात. माझी टॉक तर बारीक, चढ्या आवाजाची. ती अशा मऊ गोष्टींत आधी बुडते. माणूसही तसाच बरं का. कपडे घातलेला माणूस म्हणजे एक मऊ भिंतच. म्हणून रिकाम्या नाट्यगृहात एक आवाज आणि भरलेल्यात दुसरा."

"म्हणजे मी..." ऊर्वी म्हणाली. "मी तुमचे डोळेच बांधले, आबा. आणि मला वाटत होतं मी तुम्हाला मऊ गालिचा देतेय."

ती हुंदके देऊन रडायला लागली. आबांनी तिला डाव्या हातानं जवळ ओढलं.

"चूक तुझी एकटीची नाही गं," ते म्हणाले. "सात वर्षं तू मला विचारत होतीस, कसं ओळखता? आणि मी, गुपित आहे म्हणून मिरवत राहिलो. सांगितलं असतं तर तू तसली खोली केली असतीस का? जादूगार व्हायची हौस मला, आणि त्यापायी तुला अंधारात ठेवलं."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एक विचारू? दारासमोरून काहीच आलं नाही परत. कपाट हलवलंस का कुठं?"

ऊर्वीनं सांगितलं. आबांनी मान हलवली, पुन्हा हलवली.

"ते ठण्ण बोलायचं," ते म्हणाले. "पोचा होता ना दाराला, त्यामुळं जरा फाटकं. घरातलं दुसरं काहीही तसं बोलत नव्हतं. तुझ्या खोलीत आलो की आधी त्याला हाक मारायचो आणि मग बाकीचं मोजायचो. तो पोचा तुझ्या आजीनं पाडलेला. नव्या संसारात पाटा ओढून नेताना." एवढं बोलून त्यांनी चष्मा परत चढवला.

ऊर्वी धावतच बबनकडं गेली. बबननं भंगाराच्या कारखान्याला विचारलं. उत्तर यायला मिनिटभरही लागलं नाही. कपाट गेल्या मंगळवारीच वितळलं होतं.

काही चुका अशा असतात की माणूस त्या दुरुस्त करायला धावतो आणि त्या तोवर पार हाताबाहेर गेलेल्या असतात. ऊर्वीला हे बाराव्या वर्षीच कळलं.

त्या दिवशी ती खूप वेळ गालिच्यावर बसून होती. मग बबन स्वतःहून म्हणाला, "ऊर्वीताई, खेळाचे गुण मी लिहून ठेवत होतो. सोबत आवाजही साठवला आहे. ऐकायचा?"

त्यानं मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ लावली. "आबा, आज काय हललं?" ऊर्वीचाच आवाज. मग टॉक. टॉक. ऊर्वीनं डोळे मिटून तो तुकडा वीसदा ऐकला, पन्नासदा ऐकला. आणि मग त्या टॉकच्या मागोमाग, अगदी बारीक, काहीतरी तिच्या कानाला लागलं. एक फाटकं ठण्ण. ते कपाट रोज तिच्यासमोर बोलत होतं आणि ती रोज त्याच्याकडं नुसतं पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून खोली पुन्हा सजू लागली. या वेळी यंत्रं नव्हती. ऊर्वी डोळ्यांवर आईची ओढणी बांधून काम करायची. आधी छतावरचे ढग उतरवले. मग दोन भिंतींवरचा नमदा सोलून काढला. त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि भिंती अगदी कुरूप झाल्या. आई दारात येऊन हळहळली, पण ऊर्वी म्हणाली, "दिसू दे गं तशाच." गालिचा गुंडाळून गेला, फक्त पलंगाशेजारी एक पट्टी राहिली, आबांचे पाय गारठू नयेत म्हणून. पलंग जुन्या जागी भिंतीशी गेला. एकेक वस्तू ठेवली की ऊर्वी टॉक करायची, ऐकायची, पुन्हा सरकवायची. पहिले तीन दिवस तिला काही म्हणजे काही कळलं नाही. गुडघ्यांवर हिरवेनिळे डाग पडले. चौथ्या दिवशी भिंत यायच्या आधी भिंत आल्यासारखी वाटली आणि ती आनंदानं किंचाळली.

कपाटाची जागा तेवढी मोकळी राहिली. तिथं काय ठेवावं? पत्र्याची पेटी ठेवून पाहिली, आरसा ठेवून पाहिला. शेवटी ती जागा मोकळीच ठेवून तिनं बाजूच्या भिंतीवर स्वयंपाकघरातली मोठी पितळी परात टांगली. आईला आता पुरणपोळीची कणीक मळायला दुसरी परात शोधावी लागणार होती.

दोन आठवडे झाले. एका संध्याकाळी दिवे लागले तशी ऊर्वी आबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आबा, मी सगळं सांगून ठेवते. दोन भिंती उघड्या आहेत, दोन मऊ. पलंग पूर्वीच्या जागी. बैठक काढून टाकली. परात नवी. कपाट नाही. याल?"

आबांचा डावा हात चष्म्याकडं गेला. मग त्यांनी बडबड्या काढला, खिशात ठेवला आणि उठले.

उंबऱ्याशी ते थांबले. प्लास्टरातला हात त्यांनी छातीशी घट्ट धरला होता; भीती अजून गेली नव्हती.

टॉक.

मान कलती झाली. "हं," आबा म्हणाले. "ही भिंत. आहे जागेवर." एक पाऊल. टॉक. "हा पलंग." अजून एक पाऊल. टॉक. आणि त्यांच्या मिशा हलल्या. "अरे, ही परात तर फार तोंडाळ निघाली!"

ऊर्वी हसली, आणि हसताहसता तिला रडूही आलं. मग आबा दारासमोरच्या जागेकडं वळले. टॉक. नुसती उघडी भिंत. ते तिथं जरा जास्तच वेळ थांबले.

"ते नाहीच ना आता," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"असो." ते ऊर्वीकडं वळले. "तू डोळे बांधून खोली मांडलीस म्हणे. बबननं चहाडी केली. मग आज डाव माझा. बांध ओढणी. जाऊन दारात उभी राहा आणि मी सांगेपर्यंत कान झाक."

ऊर्वीनं डोळे बांधले, कानांवर हात दाबले. बबननं येऊन तिच्या कोपराला टोचलं तेव्हा तिनं हात काढले. खोलीत चिडीचूप.

"आज काय हललं?" बबननं विचारलं. आबांनीच त्याला पढवलं असणार.

टॉक. पलंग होता. टॉक. खुर्ची होती. डावीकडं वळून टॉक. परातीनं लगेच उत्तर दिलं. सगळंच तर जागेवर आहे! ऊर्वी गोंधळली. मग ती दारासमोरच्या जागेकडं वळली, जिथं गेले काही दिवस उघडी भिंत तिला लख्ख ओ देत होती.

टॉक.

काहीच परत आलं नाही. ऊर्वी एक पाऊल पुढं गेली. टॉक. नाही, काही तरी होतं. भिंतीच्या अलीकडं, उंच, रुंद आणि मऊ. आवाज तिथं जाऊन राहत होता. लोकर? पडदा? नव्हे. तिला आबांचं बोलणं आठवलं, आणि तिचा हात आपोआप पुढं झाला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही हललात. कपाटाच्या जागी उभे आहात."

बोटांना आधी प्लास्टर लागलं, मग सदऱ्याचा काठ. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणखी महिन्याभरात हा हात सुटेल," ते म्हणाले. "तोवर तुला काच आणि लाकूड वेगळं ऐकायला शिकवतो. मग गुपितं संपली माझी."

"मग मी मोठी झाले की कानांनी दिसणारी घरं बांधीन."

"बांध की. पण आधी उद्याचा डाव बघ. पाळी तुझी आहे." आबा दाराकडं वळले, थांबले आणि म्हणाले, "एकच वस्तू हं."

"एकच," ऊर्वी म्हणाली.